आत्याबाईंचा सोन्याचा दात

सरांच्या आत्याबाईंचा सोन्याचा दात हसताना उडाला, आणि उडाला तो सरांच्याच विनोदावर. पुढे जो काही घोळ झाला त्यात सरांना एवढं एकच समाधान होतं. शाळेत विज्ञान शिकवत होते तोवर हा विनोद त्यांनी दर वर्षी नव्या वर्गाला सांगितला होता, आणि दर वर्षी नवा वर्ग त्यांच्याकडे जुन्याच चेहऱ्याने बघत बसला होता. निवृत्तीनंतर का होईना, तो एकदा कोणाला तरी दात पडेपर्यंत हसवून गेला.

आत्याबाई म्हणजे सरांच्या वडिलांची धाकटी बहीण. वर्षातून एकदा त्या राहायला येत, आणि त्या आल्या आहेत हे इमारतीत कोणाला सांगावं लागत नसे. त्यांचं हसणं आधी खांद्यांत सुरू व्हायचं, मग पोटात उतरायचं, आणि तिथून जे वर यायचं ते लिफ्ट बंद असली तरी सगळ्यात वरच्या मजल्यावर पोचायचं. तेव्हा वरच्या रांगेतली सोन्याची कॅप लखकन चमकायची. ती त्यांच्या यजमानांनी हौसेने बसवून घेतली होती. "तू हसलीस की घरात एक दिवा जास्त लागतो," असं ते म्हणत. यजमान आता नव्हते. दिवा तेवढा राहिला होता.

त्या संध्याकाळी दोघं इमारतीच्या बागेत, सरांच्या नेहमीच्या बाकावर बसली होती. विनोद झाला, हसणं झालं, बागेत दोन चकरा झाल्या. वर आल्यावर चहाचा पहिला घोट घेताना आत्याबाईंना भलत्याच ठिकाणी गार लागलं. त्यांनी जीभ फिरवून पाहिली, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "छोट्या, माझा दिवा गेला रे."

छोट्या म्हणजे सर. त्यांची उंची दाराच्या चौकटीला लागते आणि केस पूर्ण पांढरे आहेत, पण आत्याबाईंच्या हिशेबी त्यांची वाढ अजून व्हायची होती.

सकाळी उजाडल्याबरोबर सगळे खाली उतरले, तर माळी त्यांच्या आधी येऊन गेला होता. महिनोन्महिने ज्याची वाट पाहावी लागे त्या माळ्याने नेमका त्याच पहाटे साऱ्या हिरवळीवर नव्या मातीचा थर पसरला होता. वर पाणीही मारलं होतं. इतकं चोख काम त्याने आयुष्यात पहिल्यांदाच केलं असावं.

"दुसरी कॅप बसवून घेऊ, आत्या," सरांच्या पत्नी म्हणाल्या.

"बसवता येईल गं. पण ती दाताची कॅप होईल. ही होणार नाही." आत्याबाई तोंडावर हात धरून बोलत होत्या. "मी आपली रविवारी घरी जाते. तिथे हसवणारं कोणी नाही, तेच बरं."

आणि खरोखरच त्यांनी हसणं बंद केलं. सरांनी विनोद पुन्हा सांगून पाहिला. खांदे किंचित हलले, पण हात लगेच तोंडावर गेला आणि सगळं तिथेच विझलं. घर इतकं शांत झालं, की फ्रिज गुरगुरतो हे सरांना पहिल्यांदा कळलं. आपल्या विनोदाने एका माणसाचं हसू कायमचं बंद पाडलं, ही गोष्ट शिक्षकाच्या जिव्हारी लागण्यासारखीच होती. रविवारच्या आत दात सापडलाच पाहिजे, असं त्यांनी मनाशी घेतलं.

सल्ला देणारे जमायला वेळ लागला नाही. एकाने सगळी माती चाळायला सांगितली. ती चाळणी कुठे मिळते, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्याने दोरीला बांधून लोहचुंबक फिरवायचा सल्ला दिला. सरांनी त्याला जिन्यात उभं करून सोन्याला लोहचुंबक का ओढत नाही ते समजावलं. ते ऐकून तो म्हणाला, "पण फिरवून बघायला काय हरकत आहे?" शेवटी पहिल्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "अहो सर, ते धातू शोधायचं यंत्र असतं ना, जमिनीवरून फिरवायचं? तुम्ही विज्ञानाचे. तुम्हाला कोणी सांगायला हवं का?"

हे सरांना लागलं. ते स्वतःच सुचायला हवं होतं.

पण यंत्राच्या आधी परवानगी. बागेत 'खणू नये' अशी पाटी होती. ती सेक्रेटरींनी स्वतः रंगवली होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. "माझं काही नाही, सर," ते म्हणाले, "पण खालून नगरपालिकेची तार गेलीय. त्यांच्याकडून होकार आणा. मग मी पाटीवर कापड टाकतो."

नगरपालिकेतला कारकून मान वर न करता विचारत होता.

"कशासाठी खणायचंय?"

"दात शोधायचाय."

"कोणाचा?"

"माझ्या आत्याचा."

कारकुनाने मान वर केली. "दात जमिनीत आहे?"

"हो. वर माती पडलीय."

"आणि आत्या?"

"आत्या घरी आहे."

"कशावरून?"

सर गोंधळले. आत्या घरी असल्याचा पुरावा आजवर कोणी मागितला नव्हता. कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि पलीकडच्या टेबलाकडे बघत आवाज उतरवला. "हे बघा काका, बागेत माणसाचा दात निघणार असेल तर ते आमच्या खात्यात येत नाही. आत्याबाई हयात असतील तर त्यांना घेऊन या."

दुपारी आत्याबाई हयात असल्याचं दाखवायला कचेरीत गेल्या. कारकुनाने त्यांना तोंड उघडायला लावलं, रिकामी जागा पाहिली, पलीकडच्या टेबलालाही दाखवली आणि शिक्का मारला. वीतभराहून खोल खणायचं नाही, खड्डा लगेच बुजवायचा. बाहेर पडताना आत्याबाई म्हणाल्या, "छोट्या, या वयात माझे दात बघून पसंती झाली." एरवी एवढ्यावर त्या पायरीवर बसून हसल्या असत्या. आता नुसता हात वर गेला.

यंत्र सरांनी अवजारं भाड्याने देणाऱ्या दुकानातून आणलं. लांब दांडा, खाली ताटासारखी चकती, वर मुठीजवळ छोटा पडदा. दुकानदाराने चालू-बंद कसं करायचं तेवढं दाखवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. सरांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट शिकवण्यासारखी वस्तू हातात आली की त्यांना तरतरी येते. बागेत शिरण्यापूर्वीच त्यांनी बाकाभोवती जमलेल्या मंडळींना धडा दिला.

"ही चकती जमिनीतल्या धातूला जणू टिचकी मारते आणि तो कशी ओ देतो ते ऐकते. आता जमिनीत काय एकच धातू असतो? खिळे असतात, कचरा असतो. म्हणून यंत्रात डिस्क्रिमिनेशन नावाची सोय आहे. ज्याची ओ आपल्याला ऐकायची नाही, ते वगळायचं. हे बघा, पडद्यावर चित्रं आहेत. पहिला खिळा, मग चुरगळलेला चंदेरी कागद, मग बाटलीचं झाकण, मग नाणं. चित्रावर दाबलं की ते गप्प."

"आणि सोनं कुठे आहे?" पत्नींनी विचारलं.

सोन्याचं चित्र नव्हतं. सरांनी क्षणभर विचार केला. खिळा, कागद, झाकण, नाणं. किंमत चढत चालली होती. "उघड आहे," ते म्हणाले. "चढता क्रम आहे. सोनं नाण्याच्या पुढे."

वर्गात इतक्या आत्मविश्वासाने दिलेलं उत्तर सहसा कोणी तपासत नाही. इथेही कोणी तपासलं नाही.

सुरुवात अर्थातच बाकापासून झाली. सर चकती फिरवणार, पत्नी खुरप्याने उकरणार, आत्याबाई खुर्चीवर बसून तोंडावर हात धरून बघणार. पहिल्याच फेरीला यंत्र वाजलं. पत्नींनी उकरलं, गंजका खिळा. सरांनी खिळ्याचं चित्र दाबलं. यंत्र पुन्हा वाजलं. खुरपं आत गेलं, आणि मातीतून चमचमत काहीतरी वर येऊ लागलं. सरांनी ते पाहिलं, वाकले आणि पत्नींचा हात पोचायच्या आत उचलून खिशात टाकलं.

"काय होतं?"

"कचरा."

तो चंदेरी कागद होता. टॉफीचा. आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. डॉक्टरांनी सरांची साखर बंद केली होती, आणि डॉक्टरांच्या शब्दाची घरात अंमलबजावणी पत्नी करत. साखरेचा डबा कोणत्या फळीवर आहे हे फक्त त्यांना ठाऊक असे. सर रोज संध्याकाळी 'हवा खायला' म्हणून या बाकावर येत, खिशातून एक टॉफी काढत, वरचा रंगीत कागद घडी करून कचरापेटीत टाकत आणि आतला चंदेरी कागद बुटाच्या टाचेने मातीत दाबत. ॲल्युमिनियम मातीत विरघळत नाही हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं होतं. पण टाच खाली दाबताना ते शिक्षक नसत.

यंत्र पुन्हा वाजलं. पुन्हा वाजलं. बाकाखाली चकती नेली की ते थांबेचना.

"एवढा कसला कचरा आहे इथे?" म्हणत पत्नी खुरपं घेऊन पुढे सरसावल्या.

सरांनी ताबडतोब चुरगळलेल्या कागदाचं चित्र दाबलं. शांतता. मग हात लागलाच आहे तर झाकणाचंही दाबलं.

"हेच ते डिस्क्रिमिनेशन," ते म्हणाले. "आता फक्त कामाचं वाजेल."

आणि काही वाजलं नाही. सरांनी हिरवळ उभी पालथी घातली, मग आडवी, मग तिरपी. दुपारच्या झोपेची तक्रार घेऊन आलेले लोक एवढ्या शांततेने खजील होऊन परत गेले. सर दांडा धरून इतक्या ऐटीत चालत होते की दोघांनी त्यांचे फोटो काढले. बागेच्या टोकाला एक नाणं तेवढं वाजलं, म्हणजे यंत्र ठणठणीत होतं. दात नव्हता.

"याचा अर्थ तो बागेत नाहीच," सेक्रेटरी पाटीवरचं कापड काढायच्या घाईत होते.

मावशी हळूच म्हणाल्या, "मी म्हणते, गिळला तर नसेल?"

सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. तपासायला यंत्र समोरच होतं. सरांनी "आत्या, माफ कर हं," म्हणून चकती त्यांच्या पोटासमोर धरली आणि यंत्र खणखणून वाजलं. मावशींनी टाळ्या पिटल्या. पत्नींनी डॉक्टरांचा नंबर शोधायला घेतला. आत्याबाईंनी शांतपणे कमरेचा पितळी किल्ल्यांचा जुडगा काढून पत्नींच्या हातात दिला. यंत्र गप्प झालं. "घरी जायचंय ना रविवारी," त्या म्हणाल्या. "म्हणून जवळच ठेवलाय."

त्या जुडग्याकडे पाहून सरांचा चेहरा पडला. पत्नींना त्यांची दया आली असावी. त्या म्हणाल्या, "अहो, यंत्राला सोनं कळतं का ते तरी बघा. माझी अंगठी घ्या." आणि बोटातली अंगठी काढून त्यांनी गवतावर ठेवली.

सरांनी चकती वरून नेली. शांतता. उलट नेली. शांतता. चकती अंगठीला टेकवली. यंत्राने हूं की चूं केलं नाही.

ती अंगठी सरांनी स्वतः निवडली होती, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. पत्नी तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग सरांकडे. "नाणं वाजलं," त्या म्हणाल्या. "किल्ल्या वाजल्या. ही नाही वाजली."

"अगं, सराफाकडून घेतलीय."

"मी काही म्हटलंय का?"

बायका 'मी काही म्हटलंय का' म्हणतात तेव्हा त्यांनी काय काय म्हटलेलं असतं, हे सरांना ठाऊक होतं. शिवाय हे सगळं भर बागेत, बाकावरच्या मंडळींसमोर चाललं होतं. मंडळी आता आपापल्या बोटांकडे बघू लागली होती.

संध्याकाळपर्यंत बाकासमोर रांग लागली. यंत्र फुकट आणि निकाल तात्काळ. सेक्रेटरींनी कचेरीतून निवृत्त होताना मिळालेली अंगठी आणली. यंत्र निःशब्द. "म्हणजे इतकी वर्षं राबून हे," एवढंच बोलून ते कठड्यावर बसले. मधल्या मजल्यावरच्या सूनबाईंनी दोन वस्तू आणल्या: माहेरचं जाडजूड कडं आणि सासूबाईंनी दिलेली नाजूक कर्णफुलं. कडं वाजलं. कर्णफुलं वाजली नाहीत. सूनबाईंनी कडं पुन्हा हातात चढवलं. सासूबाईच म्हणाल्या, "यंत्र बिघडलंय," आणि आपली स्वतःची साखळी आणायला तरातरा वर गेल्या. तीही वाजली नाही. मग दोघी एकमेकींना धरून सराफाला बोल लावू लागल्या. त्या घरात एकी झाली ती त्या दिवसापासून.

सगळ्यात सुरेल वाजल्या त्या मावशींच्या बांगड्या. चकती लांबून येत असतानाच यंत्र गायला लागलं आणि पडद्यावरचा आकडा टोकाला गेला. मावशींनी हात दोन-तीनदा पुढे-मागे केला, लोकांना नीट ऐकू जावं म्हणून. "सोनं म्हणजे असं," सेक्रेटरी हताश होऊन म्हणाले. मावशी जरा जास्तच विनयाने हसल्या.

दुसऱ्या दिवशी सगळी इमारत सराफाच्या दुकानात. मावशी तेवढ्या आल्या नाहीत. आपल्याला खात्रीच आहे, असं त्यांनी सांगितलं. सराफाने आधी हात जोडले, मग जोडलेले हात सोडून कमरेवर ठेवले. अंगठ्या, कर्णफुलं, साखळी, एकेक वस्तू घेऊन त्याने कसाच्या दगडावर घासली, आम्लाचा थेंब टाकला आणि प्रत्येकाला वाकायला लावून पिवळी रेघ दाखवली.

"सोनं आहे. हेही सोनं आहे. ही तर आमच्या वडिलांच्या हातची आहे. कोण म्हणतं हे खोटं?"

सगळ्यांनी सरांकडे बोट दाखवलं.

"कशावरून म्हणता, काका?"

"यंत्र वाजलं नाही," सर म्हणाले. आणि हे वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकताना त्यांच्या डोक्यात काहीतरी हललं. यंत्र वाजलं नाही, कारण यंत्राला कोणीतरी वाजू नको म्हणून सांगितलं होतं. काय काय सांगितलं होतं? खिळा. कागद. झाकण.

ते घरी धावतच आले. बागेत कोणी नसताना त्यांनी चुरगळलेल्या कागदाचं चित्र पुन्हा दाबून सोडवलं आणि स्वतःच्या बोटातली अंगठी गवतावर ठेवली. यंत्र वाजलं. आकडा पाहिला. मग खिशातला टॉफीचा कागद काढून शेजारी ठेवला. यंत्र तस्संच वाजलं. आकडाही जवळजवळ तोच. सर गवतावर मांडी घालून बसले. उभं राहण्यात आता काही राम उरला नव्हता.

चढता क्रम किमतीचा नव्हताच. यंत्राला किंमत काय ठाऊक? धातूतून वीज किती सहज खेळते आणि तुकडा केवढा आहे, एवढंच त्याला ऐकू येतं. तांबं मोठ्या सुरात ओ देतं, जाड कडं मोठ्या सुरात देतं, आणि सोन्याची बारीकशी वस्तू व टॉफीचा कागद अगदी एकाच सुरात ओ देतात. यंत्राला नाव कळत नाही, नुसता सूर कळतो. तो सूर मला ऐकवू नकोस, असं आपण त्याला बजावून ठेवलं. बिचारं आज्ञाधारक निघालं. दात बाकाखाली असेल तर तो पहिल्या दिवसापासून ओ देत असणार, आणि आपण कानांत बोटं घालून त्याच्यावरून ऐटीत चाललो.

इथवर विज्ञान होतं. विज्ञान सरांना पेललं. पुढचं अवघड होतं. दात शोधायचा तर कागदाचा सूर मोकळा करायचा. कागदाचा सूर मोकळा केला की बाकाखालचा प्रत्येक कागद वाजणार. वाजेल तो प्रत्येक उकरायचा. आणि खुरपं पत्नींच्या हातात. गुपचूप एकट्याने उकरावं, तर 'माणसाचा दात निघणार' ही बातमी आता एवढी पसरली होती की सर नुसते वाकले तरी खिडक्या उघडत. सरांनी त्या बाकाकडे बराच वेळ पाहिलं. वर घरात आत्याबाईंची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

रविवारी सकाळी त्यांनी इमारतीला पायऱ्यांवर बसवलं आणि धडा पुन्हा घेतला. या वेळी खरा. आपण चढता क्रम चुकीचा लावला, हेही सांगितलं. लोकांनी तो फार समंजसपणे ऐकला. आपलं सोनं खरं निघालं की माणसं उदार होतात.

फक्त सेक्रेटरींना शंका आली. "पण सर, तांबं मोठ्याने वाजतं म्हणालात. मग मावशींच्या बांगड्या..."

मावशी सरांकडे बघत होत्या. डोळे अजिबात हलत नव्हते.

"जाड आहेत ना," सर म्हणाले. "जाड वस्तू मोठ्याने वाजते."

मावशींनी श्वास सोडला आणि सगळ्यांच्या आधी घरातून मोठा डाव घेऊन आल्या. उकरायला.

मग जे सुरू झालं ते खणणं कमी आणि सहल जास्त होती. चमचे, झारे, फूटपट्ट्या, जे हाती आलं ते घेऊन लोक हिरवळीवर बसले. सर चकती फिरवत, वाजलं की तिथे काडी रोवत, आणि काडीपाशी कोणीतरी उकरायला बसे. मातीतून इमारतीचा सगळा इतिहास वर येऊ लागला. औषधाच्या गोळ्यांची पाकिटं निघाली, ती सेक्रेटरींच्या आम्लपित्ताची. आपल्याला कसलाही त्रास नाही, असं ते घरी सांगत असत. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद निघाला, आणि कधीचीच सिगारेट सोडलेले एक गृहस्थ पाणी प्यायला घरी गेले ते परत आलेच नाहीत.

सर मात्र बागेच्या टोकाला काड्या रोवत होते. पुन्हा पुन्हा त्याच टोकाला.

"अहो," पत्नी म्हणाल्या, "हसल्या त्या बाकावर. तुम्ही तिकडे काय करताय?"

खुर्चीवर आत्याबाई बसल्या होत्या. मांडीवर किल्ल्यांचा जुडगा, तोंडावर हात. एवढी माणसं त्यांच्यासाठी गुडघ्यांवर बसलेली पाहून त्यांचे डोळे हसत होते आणि हात ते हसू दाबून धरत होता. सरांनी ते पाहिलं. मग यंत्र खांद्यावर टाकलं, बाकापाशी आले, चकती बाकाखाली सरकवली आणि पत्नींना म्हणाले, "इथे उकर."

यंत्र ओरडलं. पत्नींनी उकरलं. टॉफीचा कागद. यंत्र ओरडलं. टॉफीचा कागद. थोडं डावीकडे, टॉफीचा कागद, त्याला चिकटलेला आणखी एक. पत्नी प्रत्येक कागद बोटांनी सरळ करून बाकावर ठेवत होत्या. बाकाची फळी भरली. त्या दुसऱ्या फळीवर ठेवू लागल्या. लोक आपापली काडी सोडून भोवती जमले.

"कोण हो इतकं गोड खातं इथे बसून?" मावशींनी निरागसपणे विचारलं.

सरांनी घसा साफ केला. "ही जी टॉफी आहे," ते वर्गातल्या आवाजात म्हणाले, "तिच्यात दुधाचं प्रमाण बरंच असतं."

पत्नींनी मान वर केली. "हवा," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी. हवा खायला."

आधी आत्याबाईंचे खांदे हलले. मग किल्ल्यांचा जुडगा मांडीवर वाजू लागला. हात तोंडावर होता, पण पोटातून जे निघालं होतं ते हाताला आवरण्यासारखं नव्हतं. "छोट्या," त्या म्हणाल्या, "अरे छोट्या," आणि हात सुटला. त्या डोकं मागे टाकून हसल्या. रिकाम्या जागेसकट, सगळ्या इमारतीसमोर, खुर्ची करकरेपर्यंत. वरच्या मजल्यावर पाणी प्यायला गेलेले गृहस्थ गॅलरीत आले. मावशी हसल्या, सेक्रेटरी हसले, सूनबाई आणि सासूबाई एकमेकींच्या खांद्यावर हसल्या, आणि शेवटी पत्नीही खुरपं टाकून बाकावर, त्या कागदांच्या शेजारीच बसल्या आणि डोळे पुसू लागल्या. सर चकती धरून मधोमध उभे होते. आयुष्यभर त्यांनी वर्गाला हसवायचा प्रयत्न केला होता. अखेर वर्ग हसत होता. विनोद कोणता, याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नव्हता.

यंत्र इतका वेळ वाजतच होतं. ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. हसू ओसरलं तेव्हा पत्नींनी सवयीने खाली वाकून खुरप्याचं टोक फिरवलं, आणखी एक चंदेरी कागद ओढून काढला, आणि तो सरळ करायला गेल्या तर त्याच्या चुरगळ्यात काहीतरी टणक लागलं. त्यांनी ते पाण्याखाली धुतलं आणि आत्याबाईंच्या तळहातावर ठेवलं. सूर एकच होता. चमक निराळी होती.

आत्याबाईंनी ती कॅप पदराच्या टोकात घट्ट बांधली. मग जुडगा पत्नींच्या हातात देत म्हणाल्या, "हा आत ठेव गं. सारखा पोटाला टोचतो."

सोमवारी दातांच्या डॉक्टरांनी कॅप घासूनपुसून पुन्हा बसवली, आरसा दाखवला आणि निघताना बजावलं, "सिमेंट पक्कं व्हायला वेळ लागतो. आज दिवसभर जपा. चावायचं नाही, आणि मुख्य म्हणजे जोरात हसायचं नाही."

परतीच्या टॅक्सीत पत्नी पुढे बसल्या होत्या. मागे सर आणि आत्याबाई. थोडा वेळ बरा गेला. मग सवयीने सरांचा हात खिशाकडे गेला, काहीच न सापडून परत आला, आणि आत्याबाईंनी ते पाहिलं. त्यांचे खांदे किंचित हलले.

"आत्या," पत्नी मागे न वळता म्हणाल्या, "तोंड बंद."

आत्याबाईंनी ओठ घट्ट मिटले. घर येईपर्यंत त्या एका खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि सर दुसऱ्या. एकमेकांकडे पाहण्याची दोघांपैकी एकाचीही छाती नव्हती.